आयपी पत्त्यामागचे नाव: संगीत-फाइलींवरील कारवाईची पार्श्वभूमी

इंटरनेटवरून गाण्यांची देवाणघेवाण करणाऱ्यांवर झालेल्या कारवाईचा इतिहास सहसा गाण्यांच्या चोरीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. न्यायालयांतले वाद वाचत गेले की मात्र गाणे कोणाच्या मालकीचे, यावर तिथे फारशी भांडणे झालेली दिसत नाहीत. झटापट झाली ती इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांकडील ग्राहकांच्या नोंदींवरून. आकड्यांच्या एका पत्त्यामागे, म्हणजे आयपी पत्त्यामागे, कोणाचे घर आहे हे ज्या नोंदींत असते, त्या कोणाच्या हुकमावरून आणि किती पुराव्यावर उघडायच्या, हा त्या झटापटीचा गाभा होता.

जून १९९९ मध्ये गाण्यांच्या फाइली एकमेकांना देण्याची नॅपस्टर ही सेवा सुरू झाली तेव्हा हा प्रश्न उभा राहण्याचे कारण नव्हते. कोणाच्या संगणकावर कोणते गाणे आहे याची सूची कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर होती, त्यामुळे डिसेंबर १९९९ मध्ये ध्वनिमुद्रण कंपन्यांनी थेट नॅपस्टरवरच दावा लावला. तरीही पुढे काय येणार आहे याची चुणूक मे २००० मध्ये मिळाली. मेटालिका या बँडच्या वतीने एका शनिवार-रविवारात नेटवर्कवर पाळत ठेवून तीन लाखांहून अधिक वापरकर्त्यांची यादी तयार करण्यात आली आणि ती कागदांवर छापून, खोक्यांत भरून नॅपस्टरच्या कार्यालयात नेऊन देण्यात आली. त्या यादीत होती ती फक्त टोपणनावे. नॅपस्टरने ती खाती बंद केली आणि प्रकरण तिथेच थांबले, कारण टोपणनावावर समन्स बजावता येत नाही.

फेब्रुवारी २००१ मध्ये अपील न्यायालयाचा निकाल नॅपस्टरच्या विरोधात गेला आणि जुलैमध्ये त्याचे फाइल शेअरिंग बंद पडले. त्याची जागा घेणाऱ्या काझा, ग्रोकस्टर यांसारख्या प्रणालींनी त्यातून नेमका धडा घेतला होता: मध्यवर्ती सूची ठेवायचीच नाही. एप्रिल २००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने, वापरकर्ते काय करतात याला ग्रोकस्टर जबाबदार नाही, असे ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने जून २००५ मध्ये हा निकाल एकमताने फिरवला खरा, पण मधल्या दोन वर्षांत ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या आरआयएए या संघटनेने मोर्चा वळवला होता तो वापरकर्त्यांकडे.

वापरकर्त्याला पकडण्याची पद्धत अगदी साधी होती. नेमलेल्या कंपनीचा तपासनीस तेच सॉफ्टवेअर स्वतःच्या संगणकावर चालवी, एखाद्या वापरकर्त्याचे शेअर केलेले फोल्डर उघडी, त्यातील शेकडो गाण्यांच्या यादीची स्क्रीनवरची छबी जपून ठेवी, नमुन्यादाखल चार-दोन गाणी उतरवून घेई आणि आयपी पत्ता व वेळ टिपून ठेवी. यात कुलूप फोडण्याचा प्रश्न नव्हता, कारण ते फोल्डर सगळ्या जगाला खुलेच होते. आपण काय काय खुले ठेवले आहे हे अनेकांना ठाऊकही नसे. काझाचे काही वापरकर्ते नकळत आपली खासगी कागदपत्रेसुद्धा वाटत असल्याचे एचपीच्या प्रयोगशाळेतील संशोधकांनी २००२ मध्येच दाखवले होते. कच्चा दुवा होता तो पुढचा. घरगुती जोडणीचा आयपी पत्ता बहुधा बदलता असतो. आज तो एका ग्राहकाकडे, तर उद्या दुसऱ्याकडे. घड्याळ चुकले, टाइम झोनची गफलत झाली किंवा नोंद शोधणाऱ्याने एक आकडा चुकीचा वाचला, की नोटीस भलत्याच दारात जाऊन पडते. पत्ता बरोबर निघाला तरी त्यातून कळते ते बिल भरणाऱ्याचे नाव. संगणकासमोर कोण बसले होते हे त्यातून कळत नाही.

हे नाव मिळवण्याची सोय अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट अॅक्टमध्ये होती. कलम ५१२ (एच) नुसार हक्कधारकाने ठरावीक नमुन्यातील अर्ज दिला, की न्यायालयाचा लिपिक माहिती हजर करण्याचा हुकूम म्हणजे सबपीना काढून देई. न्यायाधीशाची सही लागत नसे, आणि ज्याचे नाव मागितले जात आहे त्याचे म्हणणे ऐकून घेण्याची तर तरतूदच नव्हती. जुलै २००२ मध्ये आरआयएएने एका दिवसात सहाशेवर गाणी उतरवल्याचा आरोप असलेल्या एका ग्राहकाचे नाव व्हेरायझन या कंपनीकडे मागितले. व्हेरायझनने नकार दिला. उद्या कोणीही उठून हक्कधारक असल्याचे सांगेल आणि पाठलाग करणाऱ्या माणसाच्या हातीसुद्धा एखाद्या ग्राहकाचा घरचा पत्ता पडेल, हा व्हेरायझनने मांडलेला धोका होता. कंपनीला स्वतःचा खर्च आणि ग्राहकांचा रोष टाळायचा होता हेही उघड आहे, पण त्यामुळे मुद्दा खोटा ठरत नाही. जानेवारी २००३ मध्ये व्हेरायझन हरली. १९ डिसेंबर २००३ रोजी वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने तो निकाल उलटवला, मात्र त्याचा आधार खासगीपणा हा नव्हता. फाइल ग्राहकाच्या संगणकावर असते, व्हेरायझन केवळ तिची वाहतूक करते, म्हणून हे कलम तिला लागूच होत नाही, एवढ्या अरुंद वाटेने न्यायालय गेले.

तोवर बरेच पाणी वाहून गेले होते. अशाच हुकमांनी मिळालेल्या नावांच्या आधारे ८ सप्टेंबर २००३ रोजी आरआयएएने एकाच दिवशी २६१ जणांवर दावे लावले होते. त्यांत न्यूयॉर्कमधील बारा वर्षांची एक मुलगी निघाली. तिचे प्रकरण दोन हजार डॉलरवर मिटवले गेले. मॅसॅच्युसेट्समधील ६६ वर्षांच्या एका शिल्पकार बाईंवर रॅप गाणी वाटल्याचा आरोप होता, पण त्यांच्याकडे होता मॅकिंटॉश संगणक, आणि त्यावर काझा चालतच नव्हते. तो दावा मागे घ्यावा लागला.

डिसेंबरच्या निकालानंतर मार्ग बदलला. जानेवारी २००४ पासून ‘जॉन डो’, म्हणजे अज्ञात इसमांविरुद्ध दावे दाखल होऊ लागले; आधी खटला, मग त्यातून न्यायाधीशाच्या परवानगीने सबपीना आणि शेवटी नाव. निदान कोणीतरी न्यायाधीश कागद वाचू लागला. त्याच वर्षी जुलैमध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने चाळीस अज्ञात इसमांच्या प्रकरणात असे म्हटले, की निनावी राहून फाइल वाटणाऱ्यालाही अमेरिकी घटनेच्या पहिल्या दुरुस्तीचे, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे, काही संरक्षण आहे. मात्र ते तोकडे असून सकृद्दर्शनी पुरावा असेल तर नाव द्यावेच लागेल. नावे दिली गेली. नाव हाती आले, की तीन ते पाच हजार डॉलरच्या तडजोडीचा प्रस्ताव येई आणि बहुतेक जण पैसे भरून मोकळे होत, कारण वकील त्याहून महाग पडे. लढणाऱ्यांचे काय होते हे मिनेसोटातील एका महिलेच्या खटल्यात दिसले: २४ गाण्यांसाठी ज्यूरीने २००७ मध्ये २ लाख २२ हजार डॉलर आणि फेरसुनावणीत १९ लाख २० हजार डॉलर ठरवले, आणि अपिलानंतर २०१२ मध्ये पुन्हा पहिलाच आकडा कायम झाला. डिसेंबर २००८ मध्ये आरआयएएने सरसकट दावे थांबवत असल्याचे जाहीर केले, तेव्हा कारवाईच्या कचाट्यात सापडलेल्यांची संख्या सुमारे ३५ हजारांवर गेली होती.

अमेरिकेबाहेर खासगीपणाला अधिक वजन मिळाले. कॅनडात २९ जणांची नावे मागितली गेली तेव्हा २००४ मध्ये न्यायालयाने पुरावा ऐकीव असल्याचे सांगून ती नाकारली. युरोपीय संघाच्या न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये स्पेनच्या प्रोम्युझिके प्रकरणात असे ठरवले, की दिवाणी दाव्यासाठी नावे देण्याची सक्ती सदस्य देशांवर युरोपीय कायदा करत नाही. कॉपीराइट आणि खासगीपणा या दोन्ही हक्कांचा तोल त्या देशांनीच सांभाळावा. स्वीडनने एप्रिल २००९ मध्ये नावे मागण्याचा अधिकार देणारा कायदा लागू केला, तेव्हा बानहॉफ या सेवा पुरवठादाराने नोंदी ठेवणेच बंद केले; जे लिहिलेलेच नाही ते मागणार कोण?

उलट बाजूही ब्रिटनमध्ये दिसली. न्यायालयाच्या आदेशाने मिळालेली ग्राहकांची नावे वापरून धमकीवजा पत्रे पाठवणाऱ्या एसीएस लॉ या वकिली पेढीचे संकेतस्थळ सप्टेंबर २०१० मध्ये हल्ल्यात कोसळले, आणि ते पुन्हा उभे करताना ईमेलचा सगळा साठा उघड्यावर आला. हजारो लोकांची नावे, पत्ते आणि त्यांच्यावर अश्लील चित्रफितींपासून गाण्यांपर्यंत कशाकशाचा आरोप आहे हे कोणालाही वाचता येऊ लागले. आरोप सिद्ध व्हायचा होता, बदनामी आधी होऊन गेली. पेढी तोवर बंद झाल्याने दंड झाला तो एक हजार पौंडांचा.

फ्रान्सने २००९ मध्ये हादोपी ही संस्था उभारून तीन इशाऱ्यांनंतर इंटरनेट तोडण्याचा घाट घातला होता. तेथील घटना परिषदेने त्याच जूनमध्ये, हा अधिकार न्यायाधीशाविना वापरता येणार नाही, असे बजावले आणि २०१३ मध्ये जोडणी तोडण्याची शिक्षाच रद्द झाली. इशारे मात्र चालू राहिले आणि त्यांच्यासाठी आयपी पत्त्यांवरून नावे शोधून काढणेही. त्याविरुद्धच्या दाव्यात युरोपीय न्यायालयाने ३० एप्रिल २०२४ रोजी नावे शोधून काढण्यास सशर्त मुभा दिली. नाव आणि पाहिलेला-ऐकलेला मजकूर यांच्या नोंदी एकमेकींपासून काटेकोर वेगळ्या ठेवायच्या, आणि तिसऱ्या टप्प्यावर त्या जोडण्याआधी न्यायालयाने किंवा स्वतंत्र संस्थेने प्रकरण तपासायचे. ती तपासणी पूर्णपणे यंत्रावर सोपवता येणार नाही, असेही निकालात म्हटले आहे.