ऑडिओ इंटरफेस आणि कॉम्प्युटरचं न जुळणं

ऑडिओ इंटरफेस म्हणजे माइक, गिटार, कीबोर्ड यांचा आवाज आकड्यांत बदलून कॉम्प्युटरला देणारा आणि कॉम्प्युटरमधला आवाज परत हेडफोन-स्पीकरला पोचवणारा बाहेरचा डबा. हा डबा आणि कॉम्प्युटर यांचं पटलं नाही की त्याची बरीच रूपं दिसतात: डबा लिस्टमध्ये येतच नाही, येतो पण आवाज नाही, आवाज आहे पण सारखी तडतड, किंवा सगळं छान चालू असताना मधेच कनेक्शन गायब. लोक पहिल्या तासातच "पीस खराब निघाला" असं ठरवून मोकळे होतात, पण बऱ्याचदा डबा धडधाकट असतो आणि घोळ वायर, पोर्ट, वीज, ड्रायव्हर (कॉम्प्युटरला डबा कसा वापरायचा ते सांगणारा छोटा प्रोग्राम) किंवा सेटिंग यांपैकी कुठेतरी असतो.

यात सगळ्यात जास्त फसवणारं वाक्य म्हणजे "त्याच पोर्टवर माझी हार्डडिस्क मस्त चालते". चालणारच. फाइल कॉपी होताना एखादा तुकडा बिघडला तर यूएसबी तो परत मागवून घेतं, आपल्याला कळतही नाही, फारतर कॉपीला थोडा वेळ जास्त लागतो. आवाज मात्र आयसोक्रोनस पद्धतीने जातो, म्हणजे त्याच्यासाठी दर फेरीत जागा राखून ठेवलेली असते पण एखादा तुकडा हरवला तर तो परत पाठवत नाहीत, कारण उशिरा आलेला आवाज घेऊन करायचं काय, त्याची वेळ तर निघून गेलेली असते. त्यात बफर (आवाजाचा एका वेळी हाताळायचा गठ्ठा) १२८ सॅम्पलचा, म्हणजे आवाजाच्या १२८ मोजमापांचा, आणि रेट ४८ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४८ हजार मोजमापं, असा ठेवला असेल तर कॉम्प्युटरच्या हातात प्रत्येक वेळी २.७ मिलीसेकंद सुद्धा नसतात, तेवढ्यात काम उरकलं नाही की टक् असा आवाज ऐकू आलाच.

वायर, पोर्ट आणि वीज

सुरुवात इथूनच करायची, कारण हे तपासायला काहीच लागत नाही. काही यूएसबी वायर फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांच्यात डेटाच्या तारा नसतातच, त्यामुळे डब्यावरचा दिवा झकास पेटतो आणि कॉम्प्युटरला मात्र काही पत्ता नसतो. यूएसबी २.० ची वायर ५ मीटरच्या पुढे न्यायची नाही.

मग वीज. यूएसबी २.० पोर्टमधून जास्तीत जास्त ५०० मिलीअँप मिळतात, यूएसबी ३.० मधून ९००. डब्याला यातूनच स्वतःचं पोट भरायचं असतं आणि वर कंडेन्सर माइकला (ज्याला चालायला वीज लागते) ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे माइकच्याच वायरीतून जाणारी वीजही याच ५ व्होल्टमधून तयार करून द्यायची असते. म्हणून वीज न लागणाऱ्या डायनॅमिक माइकवर तासन्‌तास नीट चालणारा डबा फँटमचं बटण दाबताच बंद पडत असेल तर ड्रायव्हर उडवून परत टाकत बसू नका, आधी वीज बघा. स्वतःचा अ‍ॅडॉप्टर नसलेला हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारं साधन) तर आणखी वाईट, नियमाप्रमाणे तो प्रत्येक पोर्टला १०० मिलीअँपच देऊ शकतो. डबा थेट कॉम्प्युटरला लावा, डेस्कटॉप असेल तर पुढच्या पोर्टला नको, मागे मदरबोर्डवरच्या पोर्टला लावा, आणि हबशिवाय इलाज नसेल तर स्वतःची वीज घेणारा हब वापरा.

यूएसबी-सी मुळे वेगळाच गोंधळ झालाय. सी हा फक्त खाचेचा आकार आहे, आत काय वाहतंय ते त्यावरून कळत नाही. २०१५ पासून थंडरबोल्ट ३ (यूएसबीपेक्षा वेगळी जोडणी) सुद्धा याच आकारात येतं, त्यामुळे निव्वळ थंडरबोल्टवर चालणारा इंटरफेस साध्या यूएसबी-सी पोर्टमध्ये अगदी फिट्ट बसतो आणि मग ढिम्म हलत नाही, त्याला कुठलाही ड्रायव्हर वाचवू शकत नाही. फायरवायर या जुन्या जोडणीवरच्या डब्यांची तऱ्हा अजून निराळी होती, तिथे कॉम्प्युटरच्या कार्डवर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप आहे की दुसरी कोणाची यावर सगळा खेळ असायचा, आणि इंटरफेस बनवणारेच टेक्सासवालं कार्ड घ्या असं सांगायचे.

ड्रायव्हर आणि क्लास कम्प्लायंट प्रकरण

यूएसबीवर आवाज कसा पाठवायचा याचे ठरलेले नियम आहेत, त्यांना यूएसबी ऑडिओ क्लास म्हणतात. हे नियम पाळणारा डबा "क्लास कम्प्लायंट" म्हणवतो, म्हणजे त्याला कंपनीचा वेगळा ड्रायव्हर लागत नाही, ऑपरेटिंग सिस्टिममध्ये असतो तोच पुरतो. पहिली आवृत्ती १९९८ ची, १२ मेगाबिटच्या जुन्या यूएसबीसाठी. तिच्यात एका मिलीसेकंदात एका प्रवाहाचे १०२३ बाइटच जातात. आता २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ, स्टिरिओ असा हिशोब मांडला तर दर मिलीसेकंदाला ११५२ बाइट होतात, म्हणजे बसतच नाहीत. जास्त चॅनल आणि वरचे सॅम्पल रेट हवे असतील तर दुसरी आवृत्ती लागते.

आणि खरी गोची इथेच होती. मॅक आणि लिनक्सला ही दुसरी आवृत्ती आधीपासून कळायची, विंडोजमध्ये तिचा ड्रायव्हर आला २०१७ च्या क्रिएटर्स अपडेटमध्ये. त्यामुळे तोच डबा मॅकला लावला की चालू आणि विंडोजला लावला की "अननोन डिव्हाइस", आणि त्यावरून मॅक चांगलं का विंडोज अशी भांडणं. आताही विंडोजवर रेकॉर्डिंग करायचं तर कंपनीचा स्वतःचा आसिओ ड्रायव्हर असेल तर तोच टाकावा. आसिओ ही स्टाइनबर्गने १९९७ मध्ये आणलेली पद्धत, ती विंडोजचा मधला मिक्सर टाळून आवाज थेट डब्याकडे नेते म्हणून उशीर कमी होतो. आसिओफोरऑल हे खरं आसिओ नव्हे, विंडोजच्याच ड्रायव्हरवर चढवलेला मुखवटा आहे, अडल्यावर कामाला येतो, पण कंपनीचा ड्रायव्हर असताना तो का वापरायचा हे मला कळलेलं नाही. अजून एक, बऱ्याच कंपन्या आधी ड्रायव्हर टाका मग डबा जोडा असं सांगतात, ते खरंच ऐकावं, उलटं केलं की विंडोज स्वतःचा ड्रायव्हर चिकटवून बसतं.

डबा जुना आणि कॉम्प्युटर नवा असेल तर बहुतेक वेळा अडतं ते ड्रायव्हरमुळेच. ६४ बिट विंडोजला डिजिटल सही नसलेला कर्नल ड्रायव्हर (सिस्टिमच्या गाभ्यात चालणारा) चालत नाही, विंडोज ११ मधलं मेमरी इंटिग्रिटी हे सुरक्षेचं सेटिंग चालू असेल तर काही जुने सहीवालेही अडतात. एआरएम प्रोसेसरवालं विंडोज जुने प्रोग्राम एम्युलेशनने चालवून घेतं पण ड्रायव्हरला ती सोय नाही, तो एआरएमसाठीच बनवलेला लागतो. मॅकवर २०१९ च्या कॅटलिनाने ३२ बिट प्रोग्राम बंद केले, म्हणजे डबा चालू पण त्याचं कंट्रोल पॅनल बंद असे प्रकार झाले, आणि २०२० पासूनच्या अ‍ॅपल सिलिकॉन मॅकवर कर्नल एक्स्टेन्शनवाला ड्रायव्हर टाकायचा तर रिकव्हरीत जाऊन सिक्युरिटी एक पायरी उतरवावी लागते. म्हणूनच सेकंडहँड घेताना डबा क्लास कम्प्लायंट आहे का एवढं आधी विचारावं, कंपनीने हात वर केले तरी तो चालत राहतो. आयपॅडलाही सहसा असाच डबा लागतो, आणि काही डब्यांवर त्यासाठी वेगळा मोड असतो, तो चालू केल्याशिवाय आयपॅड त्याला ओळखत नाही.

दिसतो पण आवाज नाही

आधी परवानगी बघा. मॅकवर २०१८ च्या मोहावेपासून प्रत्येक प्रोग्रामला माइकची परवानगी लागते, विंडोजच्या प्रायव्हसीतही तसं बटण आहे, आणि गंमत म्हणजे गिटार लावलेली असली तरी सिस्टिमच्या लेखी तो माइकच. त्यानंतर सॅम्पल रेट. ४४.१ ला रेकॉर्ड केलेलं ४८ ने वाजलं तर आवाज जवळपास दीड सेमीटोन चढतो आणि वेगही वाढतो, गाणारा अचानक चिपमंक वाटायला लागला तर दुसरीकडे शोधू नका. तिसरं क्लॉक सोर्स, म्हणजे सॅम्पलचा ताल कुठल्या घड्याळावरून घ्यायचा ते: डब्याला डिजिटल इनपुट असेल आणि घड्याळ चुकून "एक्स्टर्नल"वर गेलं असेल तर तो बाहेरच्या सिग्नलची वाट बघत बसतो. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेलीय, तीन वायर बदलल्या, ड्रायव्हर दोनदा टाकला, आणि शेवटी निघालं काय तर एक ड्रॉपडाउन.

तडतड

पहिला उपाय बफर वाढवून बघणं, १२८ वरून २५६ किंवा ५१२. त्याने थांबलं तर डबा आणि कॉम्प्युटर एकमेकांशी नीट बोलतायत, फक्त कॉम्प्युटर वेळेत पोचत नाहीये. विंडोजवर लेटन्सीमॉन नावाचा प्रोग्राम कुठला ड्रायव्हर वेळ खातोय ते दाखवतो, आणि वायफाय किंवा ग्राफिक्सचं नाव आलं तर नवल वाटून घेऊ नका. वायफाय बंद करून बघा, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सला न्या, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला पोर्ट झोपवणारं सेटिंग) बंद करा.

बफर कितीही वाढवला तरी तडतड तशीच किंवा डबा मधेच गळतोय, तर संशय यूएसबी कंट्रोलरवर, म्हणजे पोर्ट चालवणाऱ्या चिपवर. शेजारशेजारचे दोन पोर्ट बहुतेकदा एकाच कंट्रोलरवर असतात, त्यामुळे "पोर्ट बदलून बघितला" म्हणजे खरं तर काहीच बदललेलं नसतं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये कनेक्शनप्रमाणे यादी लावली की कोण कुणावर लटकलंय ते दिसतं. कधीकधी दोष थेट मदरबोर्डच्या बाजूचा असतो. २०२१ मध्ये एएमडीच्या ५०० सिरीज चिपसेटवर यूएसबी मधेमधे तुटायचं, एएमडीने ते मान्य करून बायोस अपडेटमधून दुरुस्ती दिली, तोवर किती जणांनी निर्दोष इंटरफेस परत केले असतील देव जाणे.

एकसारखी घूं ऐकू येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. थांबली तर तो ग्राउंड लूप, म्हणजे उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारा करंट, ड्रायव्हरचा त्याच्याशी संबंध नाही.

हे सगळं करताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर नीट चालायला लागल्यावरही कशाने चाललं ते कळत नाही. डबा खराब आहे हे म्हणायला निदान दोन वेगळे कॉम्प्युटर आणि दोन वेगळ्या वायर लागतात. दोन्हीकडे तोच दोष तसाच आला तर मग डबा दुरुस्तीला टाकावा.