पोर्ट एरिनच्या बायका युद्धकैदी नव्हत्या

समुद्रकिनारी उन्हात बसलेल्या जर्मन बायकांचा फोटो, आणि खाली ओळ: ‘आइल ऑफ मॅनवरच्या महिला युद्धकैदी’. (आइल ऑफ मॅन म्हणजे इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधलं बेट.) दुसऱ्या महायुद्धावरच्या मजकुरात ही चूक इतक्यांदा दिसते की आता वैताग येतो.

युद्धकैदी कोण हे १९७१मुळे आपल्याला पाठ आहे. शरण आलेला सैनिक. लढाई संपली की यथावकाश घरी. झालं.

या बायका होत्या स्थानबद्ध. मे १९४०च्या अखेरीस ब्रिटिश पोलिसांनी त्यांना घराघरांतून उचलून बेटाच्या दक्षिण टोकाला, पोर्ट एरिन आणि पोर्ट सेंट मेरी या गावांत आणलं. तिथली हॉटेलं नि खानावळी हीच छावणी, नाव रशेन. भोवती काटेरी तार, आत घरमालकिणी नेहमीच्याच.

सैनिकाला पकडतात तो शत्रूच्या बाजूने लढला म्हणून. या बायका कुठल्याच बाजूने लढल्या नव्हत्या. त्यांचं नागरिकत्व जर्मन किंवा ऑस्ट्रियन होतं, एवढंच. चौकशी झाली नव्हती असं नाही. १९३९ सालीच न्यायमंडळांनी अशा परदेशी लोकांना अ, ब, क वर्ग दिले होते: ‘अ’ म्हणजे धोकादायक, ‘ब’ म्हणजे शंकास्पद, ‘क’ म्हणजे निर्धोक. पण वकील नेता येत नसे, आणि एक मंडळ जिला ‘ब’ देई तिला दुसऱ्याने बिनघोर ‘क’ दिला असता. मे महिन्यात ‘ब’वाल्या बायका धरल्या गेल्या. त्यांत हिटलरच्या भीतीने पळून येऊन इंग्रजांच्या घरी मोलकरणीचं काम करणाऱ्या ज्यू बायका होत्या, आणि हिटलरच्या कट्टर भक्तिणीही. सरकारच्या लेखी दोघी सारख्याच शत्रुराष्ट्राच्या. म्हणून एकाच खानावळीत, कधी तर एकाच पलंगावर! सैनिकांच्या छावणीत निदान शेजारचा आपल्याच बाजूचा असतो.

‘पोहायला मिळायचं, म्हणजे सुट्टीच की’ असं लिहिणाऱ्यांनी त्या पलंगाचा विचार करावा.

आपल्याकडे पुरंदरावरही जर्मन कुटुंबं अशीच ठेवली होती, त्यांत ज्यू निर्वासितही होते.

कायद्यातला फरकही लहान नाही. १९२९चा जिनिव्हा करार युद्धकैद्यांपुरता होता. नागरिकांसाठी तसा करार व्हायला १९४९ उजाडलं. मात्र एक गोष्ट स्थानबद्धांच्या बाजूची होती. आपण हिटलरविरोधी आहोत हे पटवून त्यांना लढाई चालू असतानाच सुटकेचा अर्ज करता येई. १९४१पर्यंत बऱ्याच निर्वासित बायका अशाच बाहेर पडल्या.