मसादा : राजाची भीती, बंडखोरांचा शेवट

मसादाची गोष्ट सहसा शेवटाकडूनच सांगितली जाते: वेढा, आग, सामूहिक आत्मघात. गड मात्र त्याआधी शंभरेक वर्षं उभा होता, आणि तो बांधला गेला एका राजाच्या भीतीपोटी.

मृत समुद्राच्या पश्चिमेला, आजच्या इस्रायलमध्ये, यहुदियाच्या वाळवंटातला हा सुटा डोंगर. इ.स.पू. 40 मध्ये सत्तासंघर्षात हेरोदाने, म्हणजे यहुदियाच्या पुढच्या राजाने, घरच्यांना इथे ठेवलं आणि तो मदत मागायला रोमला गेला. मागे वेढा पडला, पाणी संपत आलं. ऐनवेळी पाऊस झाला म्हणून माणसं वाचली, असं इतिहासकार जोसेफस सांगतो.

पुढे राजा झाल्यावर हेरोदाने पाण्याची कायमची सोय केली. वायव्येच्या उतारावर दोन ओळींत बारा टाकी खोदली. बंधारे आणि पाटांनी पावसाळी ओढ्यांचं पाणी त्यांत वळवलं. एकूण साठा सुमारे 4 कोटी लिटर. तिथून ते माणसं आणि जनावरं माथ्यावर नेत. (गड पाहताना आधी टाकी शोधायची आपली सवय इथेही कामी येते.) उत्तरेच्या कड्यावर राजवाडा तीन टप्प्यांत खाली उतरतो. सर्वांत खालच्या टप्प्यावरचे खांब संगमरवरी वाटतात. प्रत्यक्षात साध्या दगडावर गिलावा करून त्यात उभ्या खाचा पाडल्या आहेत. भिंतींवरचा संगमरवरही रंगवलेलाच. शिवाय रोमन पद्धतीचा गरम हमामखाना, लांबलचक कोठारं आणि इटलीहून आलेली दारू. तिच्या कुंभांवर हेरोदाचं नाव सापडलं आहे.

इ.स. 66 मध्ये ज्यूंनी रोमविरुद्ध उठाव केला, त्यात सिकारी या कट्टर ज्यू गटाच्या बंडखोरांनी गड घेतला. जेरुसलेम पडल्यावर, 73 किंवा 74 मध्ये, रोमन सेनापती सिल्वाच्या फौजेने भोवती भिंत घातली, आठ छावण्या टाकल्या आणि पश्चिमेकडून माथ्यापर्यंत दगडमातीचा चढ उभारला. जोसेफसच्या मते कोण कुणाला मारणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवत 960 जणांनी मरण पत्करलं. दोन बायका आणि पाच मुलं तेवढी वाचली. आपल्याला इथे चितोडचा जोहार आठवतो, पण याच सिकारींनी जवळच्या एन गेदी गावात सातशेहून अधिक बायकामुलं मारल्याचंही तोच लिहितो. ते सोयीने विसरलं जातं.

खुद्द जोसेफस 67 मध्ये योदफातच्या गुहेत अशाच चिठ्ठ्यांच्या खेळातून वाचला आणि रोमनांना शरण गेला होता. 1963 ते 65 मध्ये यिगाएल यादीन यांच्या उत्खननात नावं लिहिलेली खापरं मिळाली, कदाचित त्याच चिठ्ठ्या, त्यांतल्या एकावर ‘बेन याईर’, म्हणजे बंडखोरांच्या म्होरक्याचं नाव. पण 960 जणांचे सांगाडे काही मिळाले नाहीत. रोमनांचा तो चढ आणि छावण्यांच्या चौकटी मात्र आजही माथ्यावरून स्पष्ट दिसतात.