फावड्याने लढलेला वेढा

विक्सबर्गच्या वेढ्याची गोष्ट बहुधा सेनापतींच्या नावांनी सांगतात: बाहेर उत्तरेचा युलिसिस ग्रँट, आत दक्षिणेचा जॉन पेंबर्टन, साल १८६३, अमेरिकेतले यादवी युद्ध. मला मात्र तिचा खरा नायक तिथली माती वाटते.

मिसिसिपी नदीच्या पूर्व काठावर सुमारे दोनशे फूट उंच टेकड्यांवर हे शहर वसले आहे. समोर नदी तेव्हा मोठे वळण घेत असे, त्यामुळे वरच्या तोफांच्या टप्प्यात आल्याशिवाय गलबतांना पुढे जाता येत नसे. आपल्याला किल्ला म्हटले की बसाल्टचा काळा कडा आठवतो. विक्सबर्गच्या टेकड्यांचा वरचा जाड थर मात्र पिवळसर, भुसभुशीत मातीचा आहे. तिला लोएस म्हणतात.

ही माती वाऱ्याने आणली. हिमयुगात उत्तरेकडच्या अवाढव्य हिमचादरींनी खडक दळून त्याचे पीठ केले. वितळलेल्या बर्फाच्या पाण्याबरोबर ते मिसिसिपीच्या खोऱ्यात उतरले. पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या पात्रावरून वारा ही धूळ उचलायचा आणि पूर्वेच्या काठावर टाकायचा. म्हणून हा थर नदीलगत सर्वात जाड आहे आणि पूर्वेकडे जावे तसा पातळ होत जातो.

लोएसचा कण वाळूपेक्षा बारीक आणि चिकणमातीपेक्षा मोठा. वाळू पाण्यात घासून गोलसर होते, हे कण मात्र कोनेदार राहतात आणि एकमेकांत अडकून बसतात. त्यांना थोडी चिकणमाती आणि चुना धरून ठेवतो. परिणाम विचित्र आहे. ही माती साध्या फावड्याने कापता येते, आणि कापल्यावर भिंतीसारखी सरळ उभी राहते. आपल्याकडच्या काळ्या मातीत असे काही करून बघा. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. लोएसचे वैरीही पाणीच. ती भिजली की कणांची पकड सुटते आणि उभी भिंत एकाएकी खाली बसते.

पेंबर्टनच्या सैन्याने याच मातीचे बुरूज आणि तट उभारले होते. दगडी तटावर गोळा बसला की चिरे फुटतात, कपच्या उडतात. मातीच्या तटात तो रुतून बसतो आणि रात्रीतून खड्डा बुजवता येतो. पावसाने लोएस कापून केलेल्या खोल घळी हल्लेखोरांच्या वाटेत होत्या, त्या वेगळ्याच. १९ मे आणि २२ मे रोजी ग्रँटने थेट हल्ले केले. एकट्या २२ तारखेला त्याचे तीन हजारांहून अधिक सैनिक मारले गेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. मग त्याने फावडी मागवली.

नागमोडी चर खणत फौज तटाकडे सरकू लागली. थर्ड लुइझियाना नावाच्या बुरुजापाशी कॅप्टन अँड्र्यू हिकनलूपरने कोळसा खाणीत काम केलेले सैनिक निवडून सुरुंग खणायला घेतला. माती सहज कापली जाते आणि आधाराला फारसे लाकूड लागत नाही, अशी नोंद त्याने स्वतः केली आहे. २५ जून रोजी बुरुजाखाली २,२०० पौंड, म्हणजे सुमारे एक टन दारू उडवली गेली. बुरूज उडाला, पण वाट उघडली नाही. खणण्याची चाहूल लागल्याने आतल्यांनी मागे दुसरा तट आधीच रचला होता, आणि खड्ड्यात उतरलेल्या सैनिकांवर वरून हातगोळे घरंगळत आले. १ जुलैला दुसरा सुरुंग उडाला.

शहरातले लोकही तेव्हा मातीतच राहत होते. नदीतल्या होड्यांवरच्या १३ इंची उखळी तोफांपासून वाचायला टेकड्यांत शेकडो गुहा खोदल्या गेल्या. काहींत खोल्या होत्या, पलंग आणि गालिचेही होते. बरेचसे खोदकाम गुलामगिरीतल्या कृष्णवर्णीयांकडून करून घेतले गेले. गालिच्यांच्या आठवणी सांगताना ही गोष्ट अनेकदा मागे पडते. गुहांमुळे इतक्या भडिमाराच्या मानाने नागरिक थोडे मेले. पण तोंडाशी दरड कोसळली की आतले गाडले जात.

मातीने तट सांभाळला, पोट मात्र ती भरू शकत नव्हती. खेचराचे मांस खाण्यापर्यंत वेळ आली आणि ४७ दिवसांनी, ४ जुलैला, पेंबर्टनने जवळपास तीस हजार सैनिकांसह शरणागती पत्करली.

नदीचा एक हिशेब मात्र बाकी होता. वेढ्याच्या आधी, १८६३ च्या सुरुवातीला, ग्रँटच्या माणसांनी समोरच्या वळणाच्या मानेतून, म्हणजे वळणाच्या दोन टोकांमधल्या जमिनीच्या अरुंद पट्ट्यातून, कालवा खणला होता. नदी त्यातून वळवायची आणि विक्सबर्गला कोरडे पाडायचे, असा बेत. कालव्याचे तोंड संथ पाण्यात निघाले. तळ खरवडून पात्र रुंद करील असा जोर त्या प्रवाहात नव्हता. मार्चमध्ये पूर आला, बांध फुटला, काम सोडून द्यावे लागले. वळणाच्या बाहेरच्या काठाला पाणी स्वतः जिथे धडका देते, तिथली जमीन दर पुरात थोडी थोडी जाते. एकदा मान तुटली की वाट आखूड होते, उतार वाढतो आणि नवे पात्र स्वतःच खोल होत जाते.

२६ एप्रिल १८७६ रोजी मिसिसिपीने ते वळण तोडले. विक्सबर्गच्या घाटाला मुख्य प्रवाह उरला नाही. शहरासमोर पुन्हा वाहते पाणी आणायला याझू नदी कालव्याने वळवावी लागली. ते काम १९०३ मध्ये पुरे झाले.