टोमॅटो आटल्याशिवाय अंडं फोडू नका

मोगादिशू असो की हरगेसा, सोमाली घरात सकाळी तव्यावर अंजेरो पडतो. आंबवलेल्या पिठाचा, जाळीदार, आपल्या आंबोळीचा चुलतभाऊच म्हणा. सोबत कधी नुसतं तिळाचं तेल आणि साखर, कधी परतलेली कलेजी, तर कधी कांदा-टोमॅटो घातलेली अंडी. दिसायला ही अंडी म्हणजे भुर्जीच, पण त्यांत पडतो हवाश: जिरे, धने, मिरी, हळद, वेलची, लवंग, दालचिनी यांचा कुटलेला मसाला. प्रमाण घरोघरी वेगळं.

चार जणांना पुरेल असा बेत करायचा तर ४ अंडी, एक कांदा, २ टोमॅटो, एखादी हिरवी मिरची आणि अर्धा चमचा हवाश घ्या. कांदा तेलात मऊ झाला की लगेच हवाश टाकायचा. हळदीतलं कर्क्युमिन आणि मिरीतलं पायपरिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, तेलात विरघळतात. म्हणून मसाला तेलात पडला तर रंग आणि तिखटपणा सगळीकडे पसरतो. (अंडी पिवळीधमक दिसतात त्यात हळदीचा वाटा बराच असतो.) मात्र भुकटी करपायला वेळ लागत नाही. वीस-तीस सेकंदांत टोमॅटो घाला. त्यातलं पाणी उकळत आहे तोवर मसाल्याचं तापमान १०० अंशांच्या आसपासच अडकून राहतं.

खरी मेख याच पाण्यात आहे. दोन टोमॅटो म्हणजे साधारण २०० ग्रॅम, आणि त्यांत पाणी जवळपास १९० ग्रॅम. कवचाशिवाय चार अंडी भरतात तेवढीच, २०० ग्रॅम, पण त्यांत पाणी १५० ग्रॅमच. टोमॅटो न आटवता अंडी फोडली तर ती पाण्यात शिजतात आणि ताटलीत तांबूस पाणी सुटतं. कडेला तेल दिसू लागेपर्यंत टोमॅटो परतायलाच हवा, इथे घाई चालत नाही.

अंडी पडल्यावर मात्र उलट, घाई हवी. पांढऱ्यातली काही प्रथिनं ६२ अंशांच्या आसपास उलगडून एकमेकांत गुंतू लागतात, बलक ६५ ते ७० अंशांदरम्यान घट्ट होतो, आणि पांढऱ्यातलं सर्वांत मोठ्या प्रमाणातलं प्रथिन, ओव्हाल्ब्युमिन, ८० अंशांच्या पुढे. या जाळ्यात पाणी धरून ठेवलेलं असतं. आच चालूच राहिली तर जाळं आवळत जातं, पाणी पिळून बाहेर पडतं आणि अंडी रबरासारखी होतात.

त्यात टोमॅटोचं आम्ल भर घालतं. अंड्यातल्या बहुतेक प्रथिनांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ती एकमेकांना दूर ढकलतात. आम्लाने हा भार कमी होतो आणि प्रथिनं कमी तापमानालाच एकत्र येतात. म्हणून टोमॅटोची अंडी साध्या अंड्यांपेक्षा लवकर आवळतात. थोडी ओलसर असतानाच गॅस बंद करा, उरलेलं काम तापलेली कढई करते.

अंजेरोची जाळी पडते ती यीस्ट आणि जिवाणूंनी पिठात सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. तव्यावर बुडबुडे फुगून फुटतात, तेवढ्यात स्टार्च शिजून घट्ट होतं आणि छिद्रं उघडीच राहतात. पीठ मधोमध ओतून पळीच्या पाठीने गोल फिरवत नेतात आणि वर झाकण ठेवतात. वरची बाजू वाफेवरच शिजते. अंजेरो उलटायचा नाही, नाहीतर छिद्रं बुजतील आणि अंड्यांचा मसाला आत मुरणार नाही.