कुलधराची ओल

जैसलमेरपासून सुमारे १८ किलोमीटरवरच्या कुलधराचे व्हिडिओ दर पर्यटन हंगामात फिरतात. दिवाण सालिम सिंगच्या छळाला कंटाळून पालीवाल ब्राह्मणांनी ८४ गावं एका रात्रीत सोडली, जाताना शाप दिला, आता तिथे भुतं आहेत, असं त्यात सांगतात. जुन्या नोंदींच्या अभ्यासात मात्र १८९० च्या सुमारासही इथे ३७ माणसं राहत असल्याचं दिसतं. म्हणजे गाव हळूहळू ओस पडलं. करांचा जाच, आटलेल्या विहिरी ही कारणं सांगितली जातात. पडझडीवरून काही भूवैज्ञानिकांनी भूकंपाची शक्यताही मांडली आहे. भुताटकीच्या सहली विकणारे पालीवालांची खरी करामत झाकून टाकतात, याचा राग येतो. या वाळवंटात ते गहू आणि हरभरा पिकवत होते!

मान्सूनचे वारे इथवर पोहोचतात, पण ओलसर हवेचा थर उथळ असतो आणि वरची कोरडी, उष्ण हवा ढगांना उंच वाढू देत नाही. वर्षाचा पाऊस २०० मिमीच्या आतबाहेर, तोही मोजक्या सरींत. उघड्या पाण्याची वर्षभरात वाफ होते सुमारे २००० मिमी. तलाव बांधला तर उन्हाळ्याआधीच तळ दिसणार. म्हणून पालीवालांनी पाणी मातीत साठवलं. ती पद्धत म्हणजे खडीन.

आधी खडकाळ उतार शोधायचा, जिथे पाणी मुरण्याऐवजी वाहतं. त्याच्या पायथ्याच्या सखल, खोल मातीच्या जमिनीला खालच्या अंगाने मातीचा बांध घालायचा. बांध बहुधा १०० ते ३०० मीटर लांब. शेताच्या साधारण १५ पट पाणलोट, म्हणजे जिथलं पाणी शेताकडे वाहून येतं ती जमीन, लागतो. हिशेब करून पाहा: ५० मिमीची एक सर आली आणि त्यातलं ३० टक्के पाणी वाहून आलं, तर शेतावर १५ × १५ म्हणजे २२५ मिमी जास्तीचं पाणी उभं राहतं. मीटरभर पोयट्याच्या मातीत पिकाला घेता येईल असं सुमारे १५० मिमी पाणी मावतं. एका चांगल्या सरीत शेताची तहान भागते.

पाणी जिरलं, वाफसा आला, म्हणजे माती पेरणीजोगी ओलसर-मोकळी झाली, की रब्बीची पेरणी. वरचे काही सेंटिमीटर सुकले की त्या कोरड्या थरातून खालचं पाणी द्रवरूपात वर चढू शकत नाही, वाफ होऊन फार सावकाश निसटतं. मुळं मात्र खाली ओलीत पोचलेली असतात. सोलापूरकडची शाळू याच साठवलेल्या ओलीवर येते. फरक एवढाच की खडीनला पाणी शेजारच्या उतारावरून आणावं लागतं. वाहून आलेला गाळही दरवर्षी शेतातच बसतो.

बिघाड बहुधा सांडव्यापाशी, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या वाटेपाशी होतो. सांडवा बांधाच्या माथ्यापेक्षा खाली आणि दगडांनी बांधलेला हवा. गाळाने बुजला तर पाणी माथ्यावरून जातं आणि मातीचा बांध काही तासांत फुटतो. बांधाच्या तळाशी दगडी मोरीही लागते, कारण पाणी पेरणीच्या वेळेपर्यंत तुंबलं तर हंगाम हुकतो. दुसरा धोका क्षारांचा. उभं पाणी क्षार खाली ढकलतं आणि बांधाखालून पाझरताना बाहेर नेतं. हा पाझर बंद पडला की क्षार शेतातच साचतात. म्हणूनच बांधाच्या पलीकडे उथळ विहीर खोदत. तिला पिण्याजोगं पाणी लागे आणि पाझर चालू आहे की नाही, तेही रोज कळे.