फळं टिकवण्याचे नियम आले कुठून?

केळी फ्रीजमध्ये ठेवू नयेत, सफरचंदं बाकीच्या फळांपासून लांब ठेवावीत, पिशवीचं तोंड घट्ट बांधू नये, असे नियम आपण एकमेकांना सांगत असतो. त्यांतले फार थोडे स्वयंपाकघरात जन्मले. बरेचसे बोटींवरून आणि गोदामांतून घरात आले, आणि एकाचं मूळ तर चक्क गॅसच्या दिव्यांत आहे.

त्याआधी फळं टिकवणं हे मुख्यतः खोलीचं काम होतं. व्हॅरो या रोमन लेखकाने इ. स. पू. ३७च्या सुमारास शेतीवर लिहिताना फळांच्या कोठीचं वर्णन केलं आहे. कोठी कोरडी आणि थंड हवी, खिडक्या उत्तरेकडे हव्यात. त्यांना झडपा असाव्यात, कारण वारा सतत लागत राहिला तर रस उडून फळं सुरकुततात. गारवा टिकावा म्हणून भिंतींना आणि जमिनीला संगमरवरी चुन्याचा गिलावा करावा आणि सफरचंदं पेंढ्यावर पसरून ठेवावीत. या गारव्यात काही हौशी मंडळी जेवणाचा बेतही करत. शहरातून फळं विकत आणून कोठी सजवायची आणि पाहुण्यांसमोर मिरवायचं, असं मात्र करू नये, असा खवचट शेराही व्हॅरो मारून ठेवतो. त्याच्या ‘कोरडी’ या अटीवर आज हरकत घेता येईल, कारण सफरचंदाला नव्वद टक्क्यांच्या आसपास आर्द्रता मानवते. पण झडपांचं कारण वाचलं की दिसतं, फळातलं पाणी उडून जातं हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

पाण्याची ही बाजू सर्वांत पुढे नेली ती फ्रान्समधल्या तोमेरी गावच्या द्राक्ष बागायतदारांनी, एकोणिसाव्या शतकात. द्राक्षाचा देठ वाळला की मणी मऊ पडून गळू लागतात. म्हणून ते घड नुसता न तोडता वेलीच्या काडीच्या तुकड्यासकट कापत आणि ती काडी पाण्याच्या छोट्या बाटलीत बुडवून ठेवत. पाणी सडू नये म्हणून त्यात थोडा कोळसा घालत. अंधाऱ्या, थंड खोल्यांत अशा बाटल्यांच्या रांगाच्या रांगा असत. मधूनमधून कुणीतरी फिरून बिघडलेले मणी कात्रीने काढून टाकी. शरदात कापलेला घड वसंतातही हिरव्या देठाचा राही. कष्ट अफाट; पण निव्वळ निगराणीवर, कुठल्याही यंत्राशिवाय, एवढं साधलेलं दुसरं उदाहरण मला चटकन आठवत नाही.

हे सगळं निरीक्षणातून आलेलं होतं. फळाच्या आत काय चालतं, ते कळायला १८२१ उजाडलं. फ्रान्समध्येच माँपेलिए इथल्या बेरार या रसायनतज्ज्ञाने दाखवून दिलं की तोडलेलं फळ प्राणवायू घेतं, कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि प्राणवायू मिळाला नाही तर पिकतच नाही. थोडक्यात, तोडलेलं फळ मेलेलं नसतं. ते श्वास घेत असतं आणि साठवलेली साखर खर्च करत असतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की हा श्वास साधारण दुप्पट-तिप्पट वेगाने चालतो.

आता दिव्यांची गोष्ट. एकोणिसाव्या शतकात शहरांतले रस्ते कोळशाच्या गॅसवर उजळत. नळ गळला की जवळच्या झाडांची पानं अवेळी झडत. १९०१ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या नेल्युबोव्ह या वनस्पतिशास्त्रज्ञाने याचं कारण शोधलं. त्याच्या प्रयोगशाळेत अंधारात वाढवलेली वाटाण्याची रोपं वर न जाता जाड, बुटकी होऊन आडवी वाढत. बाहेरच्या हवेत ठेवली की सरळ होत. गॅसमधला एकेक घटक तपासल्यावर दोषी ठरला तो इथिलीन. पण फळांशी त्याचा संबंध तेव्हा कुणी जोडला नाही. १९१० मध्ये जमैकातल्या कझिन्स या अधिकाऱ्याने अहवाल दिला की संत्री आणि केळी एकाच जहाजात ठेवू नयेत, कारण संत्र्यांतून निघणाऱ्या कशाने तरी केळी वेळेआधी पिकतात. तो वायू बहुधा संत्र्यांवरच्या बुरशीचा होता, असं आज मानलं जातं. तिकडे कॅलिफोर्नियात हिरवी लिंबं पिवळी करायला ती रॉकेलच्या शेगड्या पेटवलेल्या खोल्यांत ठेवत. सगळ्यांची समजूत अशी की काम उष्णता करते. प्रत्यक्षात ते काम शेगडीचा धूर करत होता, आणि १९२४ मध्ये डेनी या संशोधकाने त्या धुरातल्या इथिलीनवर बोट ठेवलं. शेवटी १९३४ मध्ये इंग्लंडमध्ये रिचर्ड गेनने सिद्ध केलं की सफरचंद हा वायू स्वतःच तयार करतं. एक नासका आंबा अढी नासवतो म्हणतात, ते दोन्ही अर्थांनी खरं निघालं: बुरशी शेजारच्या फळावर पसरते, आणि दुखावलेलं फळ जास्त इथिलीन सोडून शेजाऱ्यांनाही पिकायची घाई लावतं. हवेच्या दहा लाख भागांत या वायूचा एक भागही पुरतो.

पण सगळी फळं या वायूला सारखी बळी पडत नाहीत. केंब्रिजच्या किड आणि वेस्ट या जोडीने १९२०च्या दशकात पाहिलं की पिकताना सफरचंदाचा श्वास एकदम उसळी घेतो. केळी, आंबा, पेर, टोमॅटो यांचंही तसंच. द्राक्षं, संत्री, स्ट्रॉबेरी यांत ही उसळी नसते, त्यामुळे तोडल्यावर ती गोड होण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. ती फक्त टिकवायची. पहिल्या गटातली फळं मात्र आधी बाहेर पिकू द्यायची आणि मग थंडीत ठेवायची.

थंडीचा इतिहास फळांसाठी घडलाच नाही. अमेरिकेतल्या थॉमस मूर या शेतकऱ्याने १८०३ मध्ये पेटंट घेतलेली बर्फाची पेटी होती लोणी बाजारात नेण्यासाठी. पुढे विसाव्या शतकात विजेचा फ्रीज घरात आला तोही मुख्यतः दूध, लोणी, मांस यांच्या सोयीचा: चारेक अंश तापमान आणि बऱ्यापैकी कोरडी हवा. सफरचंदाला ही थंडी चालते. केळं उष्ण प्रदेशातलं. तेरा अंशांखाली त्याच्या पेशींची पटलं दुबळी होतात, आत वेगवेगळी ठेवलेली द्रव्यं एकमेकांत मिसळतात आणि साल काळी पडते. पिकलेलं केळं आतून तरी खाण्याजोगं राहतं, कच्चं असेल तर नंतर बाहेर काढूनही नीट पिकत नाही. तळाचा कप्पा आणि त्याची सरकती खिडकी ही या गैरसोयीवर केलेली डागडुजी: उघडी ठेवली तर इथिलीन बाहेर पडतो, बंद केली तर ओलावा आत राहतो. दोन्ही एकाच वेळी साधत नाही, म्हणून सफरचंदं आणि पालेभाजी एका कप्प्यात नकोत.

पिशवीचा नियमही किड आणि वेस्ट यांच्याकडूनच आला म्हणता येईल. बंद खोलीत सफरचंदांच्याच श्वासाने प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त होऊ दिला, तर ती महिनोन्‌महिने टिकतात, हे त्यांनी दाखवलं. १९२९ मध्ये केंटमध्ये असं पहिलं व्यापारी गोदाम उभं राहिलं. पॉलिथिनची पिशवी (गंमत म्हणजे तीही इथिलीनपासूनच बनते) घरात थोडंफार हेच करते. पण तोंड घट्ट बांधलं की प्राणवायू पार संपतो आणि फळाला दारूसारखा वास येतो. चार भोकं पाडली की प्रश्न मिटतो.

अलीकडच्या गोदामांत याहून पुढची युक्ती आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठातल्या सिस्लर आणि ब्लँकनशिप यांनी पेटंट घेतलेला एक वायू, एमसीपी, फळातल्या इथिलीन ओळखणाऱ्या जागाच अडवून बसतो. हंगाम उलटून कित्येक महिने झाले तरी सफरचंद करकरीत लागतं ते बऱ्याचदा यामुळे. तो घरी वापरायचा नाही. घरासाठी मिळते ती पोटॅशियम परमँगनेटची पुडी. ती इथिलीन शोषते आणि जांभळ्याची तपकिरी झाली की तिचं काम संपतं. बंद खोक्यात ती चालते, पण सारखं दार उघडणाऱ्या फ्रीजमध्ये तिचा कितपत उपयोग होतो याबद्दल मी साशंकच आहे. पिकलेलं सफरचंद उचलून वेगळ्या कप्प्यात ठेवणं त्यापेक्षा सोपं.